मिठाला पाणी सुटतं तेव्हा घड्याळ का थांबतं

सर, तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला ते नीट कळलंय का हे तुम्हालाही तपासता येईल. विजयदुर्ग खाडीच्या काठावरच्या तुमच्या शाळेत घंटा वाजवण्यासाठी तुम्ही आणि नववीच्या मुलांनी मिळून टायमर बनवला. एक छोटा कंट्रोलर बोर्ड, वेळ राखायला डीएस१३०७ ही चिप, तिला ३२.७६८ किलोहर्ट्झचा नळीसारखा क्रिस्टल, एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, आणि घंटा. डिसेंबरमध्ये तो रोज साधारण चार सेकंद मागे पडायचा, एप्रिलमध्ये पाचाच्या पुढे गेला. मिरग लागल्यापासून मात्र तो अधूनमधून थांबतोच, आणि क्रिस्टलच्या पायाला बोट किंवा मल्टिमीटरची पिन लागली की पुन्हा चालू होतो. तीन क्रिस्टल बदलून झाले, फरक नाही. आता चांगल्या कंपनीचा क्रिस्टल कुठून मागवावा, हा तुमचा प्रश्न.

क्रिस्टल मागवू नका. तुमच्या फोटोत क्रिस्टलच्या दोन्ही पायांना जोडलेले २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारे बारीक भाग, दिसतायत (पिकोफॅरड हे त्यांच्या साठवणीचं माप), आणि त्यांच्याभोवती डाग देताना लावलेल्या पिवळट पेस्टचा, म्हणजे फ्लक्सचा, चिकट थर दिसतोय. मागे पडणं आणि थांबणं या दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे. मी मालवणात तीस वर्षं बोटींचे वायरलेस सेट, मासे शोधणारे फिशफाइंडर आणि पंपांचे टायमर दुरुस्त करतोय. ‘क्रिस्टल गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बोर्डांपैकी बहुतेकांचा क्रिस्टल शाबूत निघालाय. दोष असायचा तो त्याच्या आजूबाजूला.

आधी त्या नळीत काय असतं ते सांगतो, कारण मुलांनाही ते दाखवण्यासारखं आहे. आत क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्याच द्रव्याचा, दोन दातांचा एक बारीक चिमटा असतो. कणकवली तालुक्यात कासार्ड्याला जी सिलिका वाळू निघते, तीही रसायन म्हणून हेच. ती काचेला आणि ओतकामाला जाते. क्रिस्टलसाठी लागणारा निर्दोष क्वार्ट्झ मात्र पोलादी भांड्यात, प्रचंड दाबाखाली, साडेतीनशे अंशांच्या आसपासच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे वाढवतात. या द्रव्याला दाबलं की त्यावर वीजभार येतो आणि त्याला वीज दिली की ते किंचित वाकतं. यातली पहिली गोष्ट जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवली, दुसरी पुढच्याच वर्षी. तुमच्या गावातल्या बोटींवरचे फिशफाइंडर याच गुणावर ५० आणि २०० किलोहर्ट्झचा आवाज पाण्यात सोडतात, फक्त तिथे क्वार्ट्झऐवजी सिरॅमिकची चकती असते.

चिमट्याचे दात सेकंदाला ३२,७६८ वेळा हलतात. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. चिपमध्ये दोनाने भागणारे पंधरा टप्पे एकामागोमाग लावले की शेवटी बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. १९६९ च्या २५ डिसेंबरला टोकियोत विकायला आलेल्या सेइकोच्या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळात हा आकडा ८,१९२ होता, म्हणजे तेरावा घात. पुढे ३२,७६८ रूढ झाला आणि आता भिंतीवरच्या साध्या घड्याळातही तोच असतो.

चिमटा आपणहून हलत राहत नाही. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याला हलका हात द्यावा लागतो, तसं चिपमधलं अ‍ॅम्प्लिफायर त्याला ठरलेल्या क्षणी थोडीथोडी ऊर्जा देत राहतं. क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेकडे, जाणारे कपॅसिटर असतात. तो क्षण कोणता, हे त्यांच्यावर ठरतं आणि क्रिस्टल नेमक्या कोणत्या वारंवारतेवर स्थिरावेल हेही. कारखान्यात प्रत्येक क्रिस्टल एका ठरावीक भारावर, म्हणजे एका ठरावीक कपॅसिटन्सवर, जुळवलेला असतो. लेसरने दातांच्या टोकांवरचा धातूचा मुलामा कणाकणाने उडवून ते करतात. डीएस१३०७ ला १२.५ पिकोफॅरडवर जुळवलेला क्रिस्टल लागतो आणि तेवढा भार देणारे कपॅसिटर चिपच्या पोटातच आहेत. बाहेरून एकही लावायचा नसतो.

तुम्ही २२ चे दोन लावलेत. कुठून आले तेही कळतं. कंट्रोलरच्या १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ते लागतात, सगळ्या आकृत्यांत दिसतात, म्हणून हात आपसूक तिकडे जातो. ही चूक मी इंजिनिअर झालेल्या मुलांकडूनही झालेली पाहिलीय.

आता हिशोब करू. दोन २२ मिळून क्रिस्टलला ११ पिकोफॅरड जास्तीचे दिसतात. साडेबाराचे झाले साडेतेवीस. अशा क्रिस्टलची नेहमीची अंतर्गत मूल्यं धरली तर वारंवारता सुमारे ४९ पीपीएमने खाली येते. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एका पीपीएमला रोज ०.०८६४ सेकंद. एकोणपन्नासाने गुणलं की ४.२. डिसेंबरात तुम्ही जे चार सेकंद मोजलेत ते इथून आले. क्रिस्टलची स्वतःची चूक अधिक-उणे २० पीपीएमपर्यंत, म्हणजे रोज पावणेदोन सेकंदांपर्यंत असू शकते, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण तीन वेगवेगळे क्रिस्टल घालूनही घड्याळ मागेच पडत राहिलं, याचा अर्थ त्यांच्या स्वतःच्या चुकीपेक्षा मोठं काहीतरी त्यांना मागे ओढत होतं.

एप्रिलमधला वाढीव सेकंद उन्हाचा. या चिमट्याची वारंवारता २५ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असते. त्याहून गरम झालं काय किंवा गार झालं काय, ती कमीच होते, आणि फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. एका अंशाच्या वर्गाला ०.०३४ पीपीएम धरा. तुमची पेटी व्हरांड्याच्या पत्र्याला लागून आहे. दुपारी आत सहज ५५ अंश होत असतील. फरक ३० अंशांचा, त्याचा वर्ग ९००, गुणिले ०.०३४ म्हणजे तीस-एक पीपीएम. असे रोज आठ तास गेले तर दिवसाला एका सेकंदाहून थोडा कमी तोटा. तोच क्रिस्टल मनगटावर, जेमतेम तिशीच्या उबेत, कितीतरी नेमका चालतो, म्हणून स्वस्त घड्याळंही हातात बरी चालतात. पेटी आतल्या जांभ्याच्या भिंतीवर, उन्हापासून लांब हलवलीत तर हा तोटा जवळजवळ संपेल.

आता थांबण्याकडे येतो. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर खरा त्रास हाच आहे आणि बाहेरच्या पुस्तकांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

या चिपचा ऑसिलेटर, म्हणजे चिमट्याला हलवत ठेवणारा तिचा भाग, मुद्दाम अतिशय अशक्त ठेवलेला असतो, कारण लाइट गेल्यावर तिला एका सेलवर वर्षानुवर्षं चालायचं असतं. सेलवर असताना अख्खी चिप अर्ध्या मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी करंट घेते. त्यातला क्रिस्टलच्या वाट्याचा भाग आणखी लहान. आता क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये, किंवा पायापासून ग्राउंडपर्यंत, ओलसर घाणीची वाट तयार झाली आणि तिचा रोध २० लाख ओहम असला, तर तीन व्होल्टला तिच्यातून दीड मायक्रोअँपिअर वाहील. मल्टिमीटरवर २० लाख ओहम बघून आपण ‘काही नाही’ म्हणून सोडून देतो. पण ही गळती सगळ्या चिपच्या खर्चाच्या तिप्पट आहे.

ही वाट बनते मिठाची. वाऱ्याबरोबर येणारे समुद्राच्या पाण्याचे सूक्ष्म थेंब सुकून त्यांचं मीठ बोर्डावर बसतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते आपण दरवर्षी बघतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. समुद्राच्या मिठात शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं, म्हणून खाऱ्या वाऱ्याने माखलेला बोर्ड हिवाळ्यातही पुरता कोरडा होत नाही. त्यात डबीतल्या पेस्टची भर. तिच्यातल्या काहींमध्ये झिंक क्लोराइड असतं. पत्रा आणि भांडी जोडायला ती ठीक, बोर्डाला कधीही लावू नये. तेही मिठासारखंच पाणी ओढतं आणि वर तांबं खातं.

आणि इथे तुमचे ते २२ पुन्हा येतात. अ‍ॅम्प्लिफायरचा जोर दोन्ही बाजूंच्या कपॅसिटरांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. आतले २५ च्या आसपासचे, ते बाहेरचे धरून ४७ झाले. दोन्ही बाजू मिळून जोर साडेतीन पटीने उतरला. कोरड्या दिवसांत उरलेल्या जोरावर काम भागत होतं. पावसात गळती वाढली आणि तेवढंही पुरेनासं झालं. बोट लावल्यावर चालू होतं ते म्हणूनच. तुमच्या अंगावरचा विजेचा बारीकसा धक्का थांबलेल्या चिमट्याला ढकलतो, आणि एकदा हलू लागला की तो रडतखडत चालू राहतो. बोटाने सुरू होणारा ऑसिलेटर चांगला झाला असं मानू नका. तो काठावर उभा आहे, एवढंच त्यातून कळतं.

आणखी एक शक्यता आधी वगळून घ्या. डीएस१३०७ चा पुरवठा सेलच्या व्होल्टेजच्या सव्वापटीखाली गेला की ती कंट्रोलरशी बोलणं बंद करते. नव्या ३.२ व्होल्टच्या सेलला ही सीमा ४ व्होल्टवर येते. पावसात लाइट दबते, ५ व्होल्टचा हलका अ‍ॅडॉप्टर खाली बसतो आणि पडद्यावरची वेळ गोठते. आत घड्याळ मात्र चालूच असतं. फरक ओळखणं सोपं आहे. पुन्हा चालू झाल्यावर वेळ बरोबर दाखवली तर दोष पुरवठ्याचा. थांबलेली मिनिटं बुडाली असतील तर खरोखर ऑसिलेटर थांबला होता. तुमच्या लिहिण्यावरून मिनिटं बुडतात असं वाटतं, पण एकदा मुद्दाम बघा.

ओलाव्याची खात्री करायला मी एक साधी गोष्ट करतो. टायमर चालू असताना क्रिस्टलवर तोंडाची वाफ सोडायची, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. थांबला तर गळती आहे. मग केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा द्यायची. चालू झाला तर शंका उरत नाही. स्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, असला तरी क्रिस्टलच्या पायावर लावू नका. त्याचा दहापटवाला प्रोबसुद्धा, म्हणजे तपासायची पिन, दहा-पंधरा पिकोफॅरडचा भार टाकतो, आणि आपण बघतो ते प्रोब लावल्यानंतरचं चित्र असतं. चिपच्या स्क्वेअरवेव्ह पायावर १ हर्ट्झ किंवा ३२ किलोहर्ट्झ काढता येतो. त्याला १० किलोओहमचा रोध ५ व्होल्टशी जोडावा लागतो, नाहीतर तिथे काहीच दिसणार नाही.

आता दुरुस्ती. सेल काढा. दोन्ही २२ काढून टाका, कंट्रोलरचे मात्र राहू द्या. मग धुणं, आणि यातला क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतात. त्याने फ्लक्स निघतो, मीठ जवळजवळ विरघळत नाही, फक्त इकडचं तिकडे पसरतं. म्हणून आधी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रश. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, आपल्या किनाऱ्यावरच्या विहिरींत क्षार असतातच. रिले आणि बझर उघडे असतील तर त्यांच्यात पाणी जाऊ देऊ नका. पाण्यानंतर अल्कोहोल, दोनदा, दरवेळी स्वच्छ. मग ६० वॉटच्या बल्बखाली तीन-चार तास, हाताला सोसेल इतक्या उबेत.

अल्ट्रासॉनिक टबमध्ये बोर्ड टाकू नका. सोनारांकडे असतो तसा टब मी एकदा हौसेने घेतला आणि एका आगोटीला पाच बोर्ड त्यात धुतले. बोर्ड आरशासारखे निघाले आणि पाचांपैकी तिघांची घड्याळं कायमची बंद पडली. ते टब ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे या चिमट्याच्या स्वतःच्या कंपनाजवळ. बाहेरून त्याला नको इतकं हलवलं गेलं आणि दात तुटले. त्या बोटवाल्यांना मी बोर्ड भरून दिले, पण ऐन हंगामाच्या तोंडावर त्यांचे चार दिवस गेले ते गेलेच.

धुतल्यावर क्रिस्टलचे पाय बघा. नळीच्या बुडाला काचेचं बूच असतं आणि आत निर्वात पोकळी. पाय अगदी मुळाशी वाकवले की त्या काचेला केसाएवढी चीर जाते, हळूहळू आत हवा शिरते आणि दातांना हवेचा अडथळा होऊन क्रिस्टल जड चालायला लागतो. वाकवताना मुळापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून चिमट्याने धरावं. नळीला थेट डाग देऊन ग्राउंड करण्याची पद्धत आहे, ती या लहान नळीला सोसत नाही. बोर्डावर आडवी निजवून चिकटवा. तुमच्या बोर्डवर ती चिपपासून दोन इंचांवर आहे आणि खालून रिलेची तार जाते. नवा बोर्ड कराल तेव्हा क्रिस्टल चिपला खेटून, खाली कोणतीही तार नाही आणि भोवती ग्राउंडचं कडं, असं करा. रिले आणि घंटेच्या कॉइलची ठिणगी या तारांत शिरली तर जास्तीचे ठोके मोजले जातात आणि घड्याळ पुढे पळतं. तुमच्याकडे ते झालेलं नाही, पण घंटा मोठी आहे, म्हणून सांगून ठेवतो.

शेवटी अ‍ॅक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे बोर्डाला ओलाव्यापासून झाकणाऱ्या थराचा, स्प्रे, दोन पातळ हात, सेलचा होल्डर आणि कनेक्टर टेपने झाकून. बोर्ड पूर्ण कोरडा आणि स्वच्छ असल्याशिवाय मारायचा नाही, नाहीतर मीठ आतच बंद होतं. खिडक्यांना लावतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं.

एवढं करूनही घड्याळ रोज आठ-साडेआठ सेकंद मागे पडू लागलं, तर क्रिस्टल साडेबाराचा नसून ६ पिकोफॅरडचा आहे असं समजा. नळीवर काहीच छापलेलं नसतं, आणि सुट्या मालात दोन्ही मिसळलेले मिळतात. तेव्हा मात्र क्रिस्टल जरूर बदला, आणि घेताना भार विचारून घ्या.

मला विचाराल तर पुढच्या टायमरला डीएस१३०७ वापरूच नका. डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल चिपच्या आतच बंद असतो, त्यामुळे मिठाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ती दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजून भार जुळवून घेते. शून्य ते ४० अंशांत २ पीपीएम, म्हणजे वर्षाला एक मिनिट. त्याच नावापुढे एम असलेली चिप ५ पीपीएमची, तीही शाळेला पुरेल. फक्त बाजारात मिळणाऱ्या तयार मॉड्यूलमध्ये बहुधा सेल चार्ज करणारा डायोड आणि रोध असतो. आपण घालतो तो सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो, तो फुगतो. डायोड काढून टाका. आणि वेळेसाठी कंट्रोलरच्या स्वतःच्या घड्याळावर विसंबू नका. पुष्कळ बोर्डांवर तिथे क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असते, म्हणजे दिवसाला सात मिनिटं.

दुरुस्तीनंतर मोजमाप मुलांकडूनच करून घ्या. नेटवर्कवरून वेळ घेणारा मोबाइल शेजारी धरायचा आणि रोज एकाच वेळी दोन्हींतला फरक वहीत लिहायचा, दहा दिवस. रोजचा एक सेकंद म्हणजे साडेअकरा पीपीएम. सोबत पेटीतलं तापमानही लिहा. स्वस्त फ्रीक्वेन्सी काउंटरपेक्षा ही वही खरी, कारण काउंटरच्या आतही असाच एक २० पीपीएमचा क्रिस्टल असतो. ते आकडे आणि धुतलेल्या बोर्डाचा फोटो मला पाठवा. नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी वर ओढलेल्या आहेत, त्यांचे सेट माझ्या टेबलावर आहेत, मी दुकानातच सापडेन.